कितवा येणार?

आमच्या अक्कलकोटात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो. एक रसवंतीच्या लाकडी पेटीत, गोणपाटाखाली. आणि दुसरा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या गोळेवाल्याच्या गाडीवर, किसणीखाली. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की बँकेतला पंखा वरची गरम हवा खाली जमा करतो आणि खालची वर नावे टाकतो. शिल्लक तेवढीच राहते. अशा गावात चाळिशी ओलांडलेल्या कारकुनानं बर्फावरच्या शर्यतींविषयी लिहायला बसावं, हे ब्रह्मचाऱ्यानं बारशाला नावं सुचवण्यासारखंच आहे. पण गावाच्या नावातच अक्कल असल्यामुळे प्रत्येकानं जवळ वेगळी बाळगली पाहिजे असं नाही, या समजुतीवर आम्ही बरीच वर्षं काढली आहेत.

त्याचं असं झालं. एका रविवारी दुपारी लाइट गेली होती आणि चिरंजीवांच्या मोबाइलवर काही माणसं पायांना लांबलचक फळ्या बांधून बर्फातून चालली होती. मला आधी वाटलं, हिंदी सिनेमात नायक-नायिका काश्मीरला जाऊन घसरतात, त्यातलंच काहीतरी. पण इथं घसरण्याची सोय फार थोडी होती. ही माणसं चढ चढत होती, सपाटीवर दोन्ही हातांतल्या काठ्या मारत होती, धापा टाकत होती, आणि रेघ ओलांडली की तिथंच गव्हाच्या पोत्यासारखी आडवी होत होती. याला क्रॉसकंट्री स्कीइंग म्हणतात, अशी माहिती चिरंजीवांनी दिली. दहा किलोमीटर, पंधरा किलोमीटर, आणि पार पन्नास किलोमीटरपर्यंत. थोडक्यात, बर्फातली वारी. फक्त विठोबाच्या जागी घड्याळ.

मग मी नादाला लागलो. वाचता वाचता या मंडळींचा संसार कळत गेला, आणि तो आमच्या बदलीवाल्या साहेबांच्या संसारापेक्षाही हलाखीचा निघाला. नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला नवं गाव: आज फिनलंड, उद्या स्वित्झर्लंड, परवा इटली. बरोबर माणसापेक्षा उंच फळ्यांची पिशवी. त्यातही एका पद्धतीच्या शर्यतीला एक जोड, दुसऱ्या पद्धतीला दुसरा. शिवाय मेणाची पेटी. हे मेण म्हणजे या खेळातलं गुरुचरित्र. बर्फ किती थंड, ताजा की शिळा, ओला की कोरडा, हे बघून फळीला कुठलं मेण लावायचं ते ठरतं. चुकलं, की चढावर पाय मागे घसरतो किंवा फळीलाच बर्फ चिकटून बसतो. पुरणपोळीची कणीक किती सैल असावी यावर आमच्या घरी जेवढा खल होतो, तेवढा तिथं रोज सकाळी होतो. एक जातीचं मेण फार पळतं म्हणून पळवत होते. पण ते माणसाला आणि मातीला बाधतं, म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून ते शर्यतींत बंदच केलं. आणि उन्हाळ्यात बर्फ नसतो तेव्हा हे लोक फळीला चाकं लावून डांबरी रस्त्यावर तसेच काठ्या मारत जातात. आमच्याकडे कुणी असा निघाला तर पहिल्या चौकात त्याला लोक देवर्षीकडे नेतील.

या सगळ्यात आपलेही लोक आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. ताशी लुंडुप २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला गेला, नदीम इक्बाल २०१४ ला सोचीला, जगदीशसिंग २०१८ ला प्यॉंगचांगला. जगदीशसिंग पंधरा किलोमीटरला १०३वा आला. पहिला आला त्याच्यामागे नऊ मिनिटं. आणि शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कॉफीच्या मुलखातली, भवानी नावाची मुलगी हाच खेळ खेळते. तिनं २०२५ साली चिलीत जाऊन कांस्यपदक आणलं. नाव ऐकून सौ.नं तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. पण १०३ हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. हिशेबी माणसाला आकडा टोचतो. एवढा प्रवास, एवढं मेण, एवढी थंडी, आणि हाती १०३? असला खर्च करावा का? आणि करायचाच तर तो कुणी करावा?

हा प्रश्न मी आरामखुर्चीत बसून विचारत होतो तोवर ठीक होतं. तो एके दिवशी चप्पल काढून घरात आला.

गोळेवाल्याचा धाकटा मुलगा पळतो. पहाटे साडेचारला उठून अक्कलकोट रोड स्टेशनच्या रस्त्यानं जातो आणि येतो. आमचं स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. इंग्रजांनी ते कुणाच्या सोयीसाठी तिथं ठेवलं ते तेच जाणोत, पण या पोराची सोय झाली. जिल्ह्यातून त्याची राज्याच्या क्रॉसकंट्रीला निवड झाली. ही बर्फाशिवायची, मातीतली. बूट, भाडं आणि राहणं मिळून तीन हजार कमी पडत होते.

"काका, हळूहळू फेडतो," तो म्हणाला.

मी चष्मा पुसला. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा चष्मा असल्या प्रसंगी आपोआप खाली येतो. "कितवा येणार?" मी विचारलं.

त्यानं खरंच विचार केला. छताकडे बघून बोटं मोजली. "साठसत्तर पोरं असतेत काका. तिसाच्या आत आलो तर लई झालं."

इथंच त्याचं चुकलं. कर्ज मागायला आलेला माणूस कधी असं बोलतो का? आमच्या काउंटरसमोरचा प्रत्येक ऊस यंदा माणसाच्या दुप्पट वाढणार असतो, प्रत्येक म्हैस दिवसाला बारा लिटर देणार असते. त्यांना आम्ही कर्ज देतो. खरं बोलणाऱ्याला काय द्यायचं याचं परिपत्रक अजून आलेलं नाही. मी त्याला अर्धा तास अभ्यासाचं महत्त्व सांगितलं, स्पर्धा परीक्षांचे फायदे सांगितले आणि दोनशे रुपये दिले. त्यानं दोन्ही मुकाट्यानं घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

"तुम्ही ऑफिसरच्या परीक्षेला तीनदा सोलापूरला गेलात," आतून आवाज आला. "तुम्हांला कुणी विचारलं होतं, कितवे येणार म्हणून?"

सौ. कणीक मळत होती. मी उत्तर दिलं नाही. तिन्ही वेळचा प्रवासभत्ता मला मिळाला होता, एकदा तर रिक्षाचे पैसेही. पास झालो असतो तर तुम्ही हा लेख वाचत नसता.

चौथ्या दिवशी गोळेवाला बँकेत आला. रुमालाची गाठ सोडून त्यानं काउंटरवर बोरमाळ ठेवली. सोनारानं वजन केलं, कस लावला, मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो: कर्जाचं कारण. मी विचारलं.

"पोरगं पळायला चाललंय साहेब."

मी लिहिलं, 'घरगुती खर्च'. सही झाली, शिक्का झाला, पैसे मिळाले. सोन्याला कुणी विचारलं नाही, कितवं येणार म्हणून.

त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले. आपल्याकडे ते कुणालाही आठवतात, पण मला त्यांच्यापेक्षा त्यांचे प्राचार्य जास्त आठवले. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला जायचं, आणि पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी झाली. तरीही भागेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं, सात हजार रुपयांना. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्यांचे फड लावून ते पैसे फेडले.

ही गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून सांगतो. पदक मिळालं, म्हणून खर्डेकर थोर. पण मी तारण बघणारा माणूस, मी ती सुरुवातीकडून पाहिली. घर गहाण टाकलं त्या दिवशी अर्जदाराचं रेकॉर्ड काय होतं? १९४८, लंडन: सहावा. म्हणजे प्राचार्यांनी घर ठेवलं ते कांस्यपदकावर नव्हे, सहाव्या नंबरावर ठेवलं. हेलसिंकीत पुन्हा सहावा आला असता तर त्या दिवसाचं कृत्य तेवढंच चांगलं राहिलं असतं. आपल्याला फक्त त्यांचं नाव कळलं नसतं. चांगुलपणा जर निकालानंतर ठरत असेल, तर तो चांगुलपणा नव्हे, शेअरबाजार आहे.

हे मी दुसऱ्या दिवशी डबा खाताना आमच्या कॅशियरना ऐकवलं. त्यांनी लोणच्याची फोड चोखत शांतपणे विचारलं, "आणि प्रत्येक सहाव्या नंबरासाठी प्रत्येकानं घर गहाण टाकलं तर राहायचं कुठं?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना मग केनियाच्या फिलिप बोइटची गोष्ट सांगितली. हा ट्रॅकवर पळणारा माणूस. एका बूट कंपनीनं त्याला फिनलंडला नेलं, तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिला. दोनच वर्षांनी, १९९८ साली, नागानोच्या ऑलिंपिकला तो दहा किलोमीटरला उतरला. नॉर्वेचा ब्यॉर्न डेली पहिला आला, साडेसत्तावीस मिनिटांच्या आत. बोइट आला सत्तेचाळीस मिनिटांनी, ब्याण्णवावा, म्हणजे शेवटचा. मधली वीस मिनिटं डेली रेघेपाशी थांबून राहिला. पदकं द्यायची खोळंबली, तरी हलला नाही. बोइट आला तसं त्यानं त्याला मिठी मारली. बोइटनं पुढे मुलाचं नाव डेली ठेवलं.

"बूट कंपनीची जाहिरात," कॅशियर म्हणाले. "आपण सोन्याच्या पदकावर बसून शेवटच्याला मिठी मारायला काय जातं?"

तेही खरंच. वीस मिनिटं थांबणं आणि घर गहाण टाकणं, यांचं वजन एका तागडीत होत नाही. पण वीस मिनिटंसुद्धा कितीजण थांबतात? आमच्या गावात हजारो लोक चालत येतात. मुंबईहून, पुण्याहून, पायांना फोड आलेले. अन्नछत्रात पान मांडताना कुणी विचारत नाही, तुम्ही कितवे पोचलात. भात सगळ्यांना सारखा. तोच वाढणारा हात घरी येऊन मुलाचं प्रगतिपुस्तक उघडतो आणि आधी नंबराचा रकाना बघतो. मी स्वतः बघतो, म्हणून सांगतो.

पोरगा स्पर्धेहून परत आला. एक्केचाळिसावा. नव्या बुटानं दोन्ही टाचा सोलल्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन त्यानं माझे दोनशे रुपये टेबलावर ठेवले. "येताना टेम्पोतनं आलो काका, वाचले." मी म्हटलं, "अरे, पण एक्केचाळिसावा कसा?" त्यावर तो म्हणाला, "पुढं चाळीस होते की." एवढं स्वच्छ स्पष्टीकरण आमच्या थकबाकीच्या तक्त्याला कधी मिळालेलं नाही.

तो गेल्यावर सौ.नं एकच विचारलं. "बोरमाळ ठेवली म्हणालात. ती कुणाची? तिला विचारलं होतं का कुणी?"

मी गप्प झालो. खर्डेकरांनी घर ठेवलं ते आपलं स्वतःचं. दुसऱ्याच्या गळ्यातलं ठेवून केलेला त्याग कुणाच्या खाती जमा करायचा? मग मला आठवलं, त्या दिवशी बँकेत खांबाला टेकून एक बाई उभी होती, पदर गळ्याभोवती ओढून. फॉर्मवर अंगठा तिनंच उठवला होता. मी तो शाईच्या पॅडवर धरायलाही मदत केली होती. कारण मात्र मी विचारलं होतं गोळेवाल्याला.

पुढचे सगळे हप्ते भरायला तीच आली. दहा-वीसच्या नोटा, बर्फाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या. कॅशियर त्या पंख्याखाली पेपरवेट ठेवून वाळवायचे, कुरकुरायचे आणि मग मोजायचे. या संक्रांतीला खातं पूर्ण झालं. मी बोरमाळ तिच्या हातात दिली. तिनं ती निरखून पाहिली, मणी मोजले, पण गळ्यात घातली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "ही आता सुटली, तर परत ठेवता येती का?"

"येते की. कशाला?"

"श्रावणात परत पळायचं हाय त्याला."

मी नवा फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिच्याकडे बघून मी या वेळी काहीच विचारलं नाही. तिनंच काउंटरवर वाकून, सोनाराला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगितलं:

"पस्तिसावा येतो म्हणालाय."