खड्यासकट दिलेलं दान

वाजश्रवसाने यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई पाहून नचिकेत अस्वस्थ झाला. दूध आटलेल्या, पुन्हा विण्याची आशा नसलेल्या, शेवटचा चारा खाऊन झालेल्या त्या गाई. असलं दान देणाऱ्याला कोणता लोक मिळणार, असा कठोपनिषदातल्या त्या मुलाला प्रश्न पडला. द्यायचं तर उत्तम ते द्यावं, उरलंसुरलं देऊ नये, ही शिकवण आपल्याकडे इतकी मुरली आहे की देवाला वाहायचं फूलसुद्धा कोणी किडकं घेत नाही.

आता किडनी प्रत्यारोपणाच्या तयारीत येणारा एक पेच पाहू. समजा, मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आई द्यायला तयार आहे, रक्तगट जुळला आहे. आणि तिच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या किडनीत लहानसा मुतखडा दिसतो. तिला कधी कळ आलेली नाही. खडा आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. उजवी किडनी स्वच्छ. मग कोणती काढायची? इतर बाबी सारख्या असतील तर डॉक्टर खड्याचीच काढतात. दोन्हींत जी चांगली, ती देणाऱ्याकडे राहिली पाहिजे, हा प्रत्यारोपणशास्त्राचा जुना आणि जगभर मानला जाणारा दंडक आहे. नचिकेताला जे खटकलं, ते इथे नेमाने केलं जातं.

या दंडकामागे एक मोठी नैतिक घालमेल आहे. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. त्याआधी या डॉक्टरांनी वकिलांचा आणि वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंचाही सल्ला घेतला होता. धडधाकट माणसाला, त्याच्या शरीराचा काडीचाही फायदा नसताना, कापायचं का? वैद्यकात असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला होता. रिचर्ड त्या किडनीवर आठ वर्षं जगला, त्याने संसार केला. रोनाल्ड 2010 पर्यंत जगला.

नचिकेताचा आक्षेप या आईला लागू होत नाही. वाजश्रवसाच्या गाई निरुपयोगी होत्या. त्या देताना त्याचं काहीच गेलं नाही. आईच्या वाट्याला मात्र भूल येते, जखम येते आणि उरलेलं आयुष्य एका किडनीवर काढणं येतं. किडनीत खडा आहे म्हणून तिचा त्याग तसूभरही कमी होत नाही. दधीची ऋषींनी अस्थींसाठी देह ठेवला ती कथा अवयवदानाच्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. पण जिवंत दात्याच्या बाबतीत आजचं वैद्यक नेमका तोच मार्ग बंद करतं, आणि ते योग्य आहे.

भारतात तर या दंडकाची गरज जास्तच आहे. इथे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. ‘माझं काय राहिलंय आता, चांगली तीच काढा’ असं म्हणणारी आई किंवा बायको दुर्मिळ नाही. तिचं औदार्य खरं असतं. तरीही डॉक्टरने त्या औदार्याला नकार द्यायला हवा, कारण त्या घरात तिच्या बाजूने बोलणारं कदाचित दुसरं कोणीच नसेल.

खडा आहे तसा पुढे ढकलला जातो असं मात्र नाही. 2004 साली अॅमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी अशा दात्यांसाठी निकष सुचवले: एकच खडा असावा, तो दीड सेंटिमीटरहून लहान किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी काढण्याजोगा असावा, पुन्हा खडे होण्याची प्रवृत्ती दिसू नये. काही केंद्रांत खडा टेबलावरच काढतात. आईच्या पोटातून निघालेली किडनी बर्फात गार ठेवलेली असते. तिच्या मूत्रवाहिनीतून लवचीक दुर्बीण आत सरकवतात, खडा बारीक जाळीत पकडून ओढून घेतात किंवा लेझरने फोडतात. त्या वेळी ती किडनी आईची राहिलेली नसते, मुलाची झालेली नसते. तिची काळजी घेणाऱ्या हातांखेरीज तिला त्या घटकेला कोणी धनी नसतो.

कधी खडा नंतर, मुलाच्या शरीरात तयार होतो. असं क्वचितच घडतं, पण घडतं तेव्हा ते लवकर कळत नाही. न्यायसूत्रांत आत्म्याच्या खुणा सांगताना इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख आणि ज्ञान यांच्याबरोबर दुःखही मोजलं आहे. जे दुखतं ते आपलं, एवढं तर कोणालाही पटतं. पण बसवलेल्या किडनीच्या नसा तुटलेल्या असतात. मुतखड्याची ती जीवघेणी कळ तिथून येतच नाही. क्रिएटिनिन वाढतं, लघवी कमी होते, ताप येतो. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून चालू असलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने पसरू शकतो. म्हणून नेमाने तपासण्या करत राहाव्या लागतात. वेदना नसतानाही जपायचं, ही आपलेपणाची जरा अवघड रीत आहे.

उपचारही वाकडी वाट धरतात. नवी किडनी ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ असते, त्यामुळे बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडताना हाड आड येतं. मूत्रवाहिनीचं तोंड मूत्राशयात नेहमीच्या जागी नसल्याने खालून दुर्बीण चढवणं कठीण जातं. मोठ्या खड्यासाठी पोटाच्या बाजूने छोटं छिद्र पाडून थेट किडनीत शिरतात. ती त्वचेच्या जवळ असल्याने हा रस्ता तुलनेने सोपा, पण वाटेत आतडं नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

सुश्रुताने अश्मरीची, म्हणजे खड्याची, शस्त्रक्रिया शेवटचा उपाय मानली. केली नाही तर मृत्यू अटळ, केली तर संशय, म्हणून आधी अनुमती घ्यावी असं त्याने बजावलं. आज बसवलेल्या किडनीतला खडा काढायचा तर ती अनुमती रुग्णाची, म्हणजे मुलाची. संमतीपत्रावर आईची सही लागत नाही, आणि लागूही नये. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक दान, असं गीता सांगते. एकदा दिलेल्या किडनीवर आईचा हक्क उरत नाही. तिला कळवायला मात्र हवं, आणि तेही दोष तिचा नाही हे स्पष्ट करून. जिच्या एका किडनीत खडा झाला, तिच्या उरलेल्या किडनीतही तो होऊ शकतो, आणि त्या किडनीला आता जोडीदार नाही. मुलगा औषधांसाठी दवाखान्यात जातच राहतो. आईला गोळ्या नाहीत, त्रास नाही, म्हणून तिची तपासणी घरात सगळे विसरतात. मुलाच्या पुढच्या भेटीच्या दिवशी तिचीही सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्यावी.