त्वरा, तप आणि संतोष

पतंजलीच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादामध्ये, शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असे पाच नियम सांगितले आहेत आणि या क्रमात संतोष व तप हे दोन शब्द एकमेकांना अगदी लागून आले आहेत. संतोष म्हणजे, भाष्यकारांच्या विवरणानुसार, जी साधने हाताशी आहेत त्यांहून अधिकाची हाव न धरणे. तर तप म्हणजे कष्ट सोसून, स्वतःला तापवून, आज आहोत त्याहून अधिक शुद्ध आणि समर्थ होणे. एक शब्द ‘पुरे’ म्हणतो आणि दुसरा ‘अजून’ म्हणतो, तरीही हे दोन्ही आदेश एकाच साधकाला, एकाच सूत्रात दिलेले आहेत. पदवी, हुद्दा, कमाई, आरोग्य आणि कौशल्य यांच्या वाढीसाठी आजचे दिवस वेचावेत की आयुष्य आज आहे तसे उपभोगावे, हा आजच्या माणसाला छळणारा प्रश्न त्या शेजारातच बीजरूपाने दडलेला आहे.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘समतोल’ हे आहे: काही तास उन्नतीला द्यावेत, काही आनंदाला द्यावेत आणि तराजूचा काटा मध्यावर ठेवावा. परंतु तराजूची ही कल्पना एक गोष्ट न तपासताच गृहीत धरते, ती ही की प्रयत्न आणि आनंद ही दोन वेगळ्या पारड्यांत घालायची वजने आहेत आणि एक वाढले की दुसरे घटणारच. हे गृहीत कितपत खरे आहे, हे पाहायचे असेल तर नेदरलँड्समधील रॉटरडॅम या बंदरनगराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल, कारण त्या शहरात काम ही केवळ उपजीविका राहिली नाही, तर ते जवळजवळ एक तत्त्वज्ञान बनले.

पैसा रॉटरडॅममध्ये कमावला जातो, हेगमध्ये वाटला जातो आणि ॲम्स्टरडॅममध्ये उडवला जातो, असे डच लोक म्हणतात. रॉटरडॅमच्या दुकानांत सदरे बाह्या वर सारूनच विकायला ठेवलेले असतात, असेही तिथे अभिमानाने सांगितले जाते. या अभिमानामागे एक जखम आहे. 14 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बवर्षावात आणि त्यानंतरच्या आगीत शहराचा मध्यभाग नष्ट झाला, आठशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे 80,000 लोक बेघर झाले. 1944 मध्ये जर्मन सैन्याने बंदराचे धक्केही सुरुंग लावून उडवले. युद्ध संपल्यावर पुनर्बांधणीचा जो क्रम ठरला तो विचार करण्याजोगा आहे: आधी बंदर, मग घरे. बंदर पुन्हा उभे राहिल्याचा उत्सव म्हणून 1950 मध्ये ‘आहोय’ नावाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा असंख्य कुटुंबे अजून स्वतःच्या घराची वाट पाहत होती. त्याआधी, 1948 मध्ये, राणी विल्हेल्मिनाने शहराच्या मानचिन्हाला जे बोधवाक्य दिले, त्याचा आशय संघर्षातून अधिक बलवान होणे असा आहे. 1962 मध्ये मालाच्या वजनाच्या हिशेबाने हे जगातील सर्वांत मोठे बंदर ठरले आणि पुढे चार दशके त्याने ते स्थान राखले. तपाने सिद्धी मिळते, याचा याहून ठळक नागरी पुरावा मागायला नको.

पण रुंद रस्ते, कचेऱ्या आणि गोद्या यांनी भरलेल्या त्या नव्या मध्यवस्तीत संध्याकाळी थांबावेसे कोणाला वाटत नाही, हे हळूहळू नगरवासीयांच्याच लक्षात आले. डच भाषेत ‘खेझेलिख’ असा एक शब्द आहे. आपल्या माणसांच्या सहवासात, छोट्या जागेत, घाई नसताना मनाला जी ऊब मिळते तिला तो लावतात. मराठीतील ‘निवांत’ आणि ‘घरगुती’ हे दोन शब्द एकत्र केले तर त्याच्या जवळपास जाता येईल. 1970 च्या उन्हाळ्यात, पुनर्बांधणीच्या पंचविशीनिमित्त, शहराने ‘सी-70’ हा महोत्सव भरवला, तो मुख्यतः या हरवलेल्या उबेच्या शोधासाठी. मध्यवस्तीवरून तारेला टांगलेले पाळणे फिरवले आणि रस्त्यांवर माणसांनी रेंगाळावे म्हणून छोटे मांडव उभारले. पंचवीस वर्षे पुढच्या दिवसासाठी राबलेल्या शहराला तो पुढचा दिवस आल्यावर राहायचे कसे, हे नव्याने शिकावे लागले. व्यक्तीच्या आयुष्यातही हेच घडते. निवृत्तीनंतर रिकाम्या दुपारींना बिचकणारी माणसे मराठी घरांतही पुष्कळ आढळतात.

या शहराने असंतोषाचा एक समर्थकही जगाला दिला. बर्नार्ड मॅन्डेव्हिल 1670 मध्ये रॉटरडॅमला जन्मला, लेडनला वैद्यक शिकला आणि लंडनमध्ये स्थायिक झाला. 1705 मध्ये त्याने मधमाश्यांच्या पोळ्याची एक पद्यकथा प्रसिद्ध केली आणि 1714 मध्ये तिला गद्य विवरणाची जोड देऊन ग्रंथरूप दिले. त्या कथेतील भरभराटीचे पोळे हाव, दिखाऊपणा आणि स्पर्धा यांवर चालत असते. अप्रामाणिकपणाविरुद्धच्या तक्रारींना कंटाळून देव सर्व माश्यांना एकाएकी सद्गुणी करतो. मग चैनीच्या वस्तूंना गिऱ्हाईक उरत नाही, धंदे बुडतात आणि उरल्यासुरल्या माश्या एका पोकळ झाडात समाधानाने, पण दारिद्र्यात राहू लागतात. मॅन्डेव्हिलचा रोख स्पष्ट आहे: संतोष उद्योगाचा शत्रू आहे. जाहिरातींपासून कार्यालयातील वार्षिक मूल्यमापनापर्यंत आजची सारी व्यवस्था ज्या गृहीतावर उभी आहे, ते इतक्या उघडपणे मांडण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले आहे.

हेच मत महाभारताला ठाऊक होते, आणि ते कोणाच्या मुखी घातले आहे हे पाहण्यासारखे आहे. सभापर्वात, इंद्रप्रस्थाचे वैभव पाहून जळत परतलेला दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो की असंतोष हेच संपत्तीचे मूळ आहे आणि म्हणून आपल्याला तोच हवा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या सुखदुःखविवेकात या वचनाचा विचार केला आहे. ज्या वर्षी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोलने आपल्या पुस्तकात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवले, त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक कोठडीत बसून असंतोषाच्या मर्यादांचा ग्रंथ लिहू लागले होते, हा योग विलक्षण आहे. टिळकांनी असंतोष सरसकट त्याज्य मानला नाही. तृष्णा, म्हणजे भोगाने न शमणारी तहान, वेगळी आणि आहे त्याहून चांगले घडवण्याची उमेद वेगळी, असा त्यांच्या विवेचनाचा कल आहे. या भेदाला आणखी एक पाऊल पुढे नेता येते. दुर्योधनाला हस्तिनापुरात काहीही कमी नव्हते. त्याचा असंतोष दुसऱ्याची सभा पाहून जन्मला. शिल्पकार अपुऱ्या मूर्तीकडे पाहून अस्वस्थ होतो तेव्हा त्याची नजर कामावर असते, दुर्योधनाची नजर शेजाऱ्यावर होती. पहिली अस्वस्थता कामाबरोबर शमत जाते आणि कामातच रस उत्पन्न करते. दुसरी कधीच शमत नाही, कारण शेजारी संपत नाहीत.

रॉटरडॅमचा सर्वांत प्रसिद्ध पुत्र या बाबतीत मॅन्डेव्हिलच्या अगदी समोर उभा राहतो. ग्रीक-लॅटिनचा पंडित इरॅस्मस पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावी जन्मला, लहानपणीच गाव सोडून गेला आणि तरीही आयुष्यभर नावापुढे ‘रॉटरडॅमचा’ अशी ओळख लावत राहिला. त्याने ग्रीक व लॅटिन म्हणींचा जो संग्रह केला त्याची वाढ हाच या विषयावरचा एक पाठ आहे: 1500 मध्ये पॅरिसला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत 818 म्हणी होत्या, 1508 च्या व्हेनिसच्या आवृत्तीत त्या 3,260 झाल्या आणि 1536 मध्ये तो वारला तोवर संख्या 4,151 वर पोचली होती. त्यांतील ज्या म्हणींवर त्याने विस्ताराने लिहिले त्यांपैकी एक म्हण सावकाश त्वरा करावी असे सांगते. रोमन सम्राट ऑगस्टसला ती प्रिय होती असे सांगतात, आणि इरॅस्मसचा मुद्रक आल्डुस याच्या छापखान्याचे चिन्ह असलेला, नांगराला वेढलेला डॉल्फिन मासा तिचेच चित्र आहे: मासा वेगाचा, नांगर स्थैर्याचा. या चित्रात समतोलाचा तराजू नाही, हे महत्त्वाचे आहे. मासा आणि नांगर वेगवेगळ्या पारड्यांत ठेवलेले नाहीत. एक दुसऱ्याला वेढून आहे.

1533 मध्ये इरॅस्मसने लिहिलेल्या एका संवादात तर असे प्रतिपादन येते की एपिक्यूरसचा, म्हणजे सुखालाच परम श्रेय मानणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाचा, खरा अनुयायी धर्मनिष्ठ माणूसच असतो, कारण निर्मळ अंतःकरणाइतके टिकाऊ सुख दुसरे नाही. येथे साधना आणि सुख यांचे भांडण मिटवलेले नाही, ते मुळात नाहीच असे म्हटले आहे. इरॅस्मसच्या मुद्रेवर टर्मिनस या रोमन सीमादेवतेची आकृती होती आणि तिच्याखालच्या शब्दांचा अर्थ ‘मी कोणासाठीही हटत नाही’ असा होता. विरोधकांनी त्यात गर्व पाहिला तेव्हा 1528 मध्ये त्याने खुलासा केला की ते शब्द इरॅस्मसचे नसून सीमेचे, म्हणजे मृत्यूचे आहेत. म्हणींची संख्या छत्तीस वर्षे वाढवत राहिलेला हा माणूस प्रत्येक पत्रावर मृत्यूची मुद्रा उमटवत होता. काम कधीतरी पुरे होईल आणि मग जगायला सुरुवात करू, असा हिशेब त्याच्या मनात असणे शक्य नव्हते.

या ठिकाणी ॲरिस्टॉटलचा एक भेद उपयोगी पडतो. घर बांधणे ही अशी क्रिया आहे की ती चालू असेपर्यंत अपुरी असते आणि पुरी झाली की थांबते. पाहणे, समजणे, चांगले जगणे या क्रिया मात्र प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. ज्याने आपली सारी उन्नती पहिल्या जातीच्या क्रियांत मांडली, त्याचा वर्तमान नेहमीच कर्जदार राहणार. भारतीय परंपरेतील फलत्यागाचे तत्त्व, म्हणजे कर्म करून फळावरील हक्काची भावना सोडणे, वास्तविक हेच सांगते, पण ते बहुधा रुक्ष कर्तव्य म्हणून शिकवले जाते आणि तिथेच त्याचे नुकसान होते. ज्ञानदेवांनी त्याला वेगळा रंग दिला: स्वकर्म हे सर्वात्मक ईश्वराला वाहायचे फूल आहे, असे ते मांडतात. फुलाच्या या रूपकाचा परिणाम शेवटपर्यंत नेऊन पाहावा. फूल साठवून वाहता येत नाही; कालचे फूल निर्माल्य होते आणि उद्याचे अजून कळीत असते. पूजा उत्तम व्हावी यासाठी माळी वर्षभर खपतो, त्याची बाग दरवर्षी सुधारते, तरी वाहिलेले प्रत्येक फूल त्या दिवसापुरते पूर्ण असते. वाढ आणि पूर्णता येथे एकाच हातात आहेत.

नेदरलँड्समध्ये येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या जीवनात हा प्रश्न फार ठोस रूप घेतो. 2004 मध्ये त्या देशाने उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी ज्ञान-स्थलांतरितांची स्वतंत्र परवाना-व्यवस्था सुरू केली आणि तिच्या आधारे आलेल्या अभियंत्यांची व संगणकतज्ज्ञांची आयुष्ये एका पायरीमालेत बसतात: परवाना, घरासाठी कर्ज, सलग पाच वर्षांचा वास, डच भाषेची आणि समाजज्ञानाची परीक्षा, आणि मग भारतीय नागरिकत्व सोडून नवे घ्यायचे की नाही हा निर्णय. प्रत्येक पायरीला ‘हे एकदा झाले की’ अशी सुरुवात असते. त्याच कचेरीत शेजारी बसणारा डच सहकारी मात्र आठवड्यातून चारच दिवस येतो आणि एक दिवस, ज्याला तिथे ‘पापादाग’ म्हणजे बापाचा दिवस म्हणतात, मुलांसोबत घालवतो. कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्क तिथल्या कायद्याने 2000 पासून दिलेला आहे आणि अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय संघात तिथेच सर्वाधिक आहे. बंदरासाठी घरे थांबवणाऱ्या देशानेच हा कायदा केला, हे विसरता कामा नये. त्या सहकाऱ्याला आळशी म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे; ज्या समाजात कामाला ईश्वरी बोलावणे मानण्याची कॅल्विनपंथी परंपरा खोल रुजलेली आहे, त्या समाजाने विचारपूर्वक एक दिवस कामातून बाहेर काढला आहे. रॉटरडॅमच्याच इरॅस्मस विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ रूट वेनहोवेन यांनी जगभरच्या सुखविषयक संशोधनाचा जो संग्रह उभारला, त्यात सुखाची व्याख्याही माणसाला आपण जगत असलेले आयुष्य एकंदरीत किती आवडते, अशी वर्तमानकाळातच केलेली आहे.

तथापि संतोषाचा उपदेश कोणी कोणाला करावा, हा प्रश्न उरतोच, आणि या विषयातील सर्वांत अधिक अन्याय त्याच जागी झाला आहे. उपाशी माणसाला समाधान शिकवणे हा संतोषाचा अपमान आहे. संतोष म्हणजे हाताशी असलेल्या साधनांपुरते थांबणे, पण ज्याच्या हाताशी साधनेच नाहीत त्याने कशापाशी थांबावे? पतंजलीने संतोष आणि तप या दोहोंची गणना नियमांत केली आहे, आणि नियम म्हणजे साधकाने स्वतः स्वतःवर घालून घेतलेले बंधन. अहिंसा, सत्य इत्यादी यम इतरांशी वागण्याविषयी आहेत, नियम मात्र ज्याचे त्यानेच धरायचे असतात. म्हणून युद्धकाळात उभारलेल्या तात्पुरत्या वस्त्यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या रॉटरडॅमच्या कुटुंबांनी सोसलेल्या कष्टांना तप म्हणता येत नाही, कारण बंदर आधी की घर आधी हे त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि डच शाळेत बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या पुढील शिक्षणाचा मार्ग सुचवला जातो, तेव्हा विद्यापीठाकडे नेणारा सर्वांत वरचा मार्गच मिळावा म्हणून प्राथमिक शाळेच्या शेवटच्या, म्हणजे आठव्या, गटातील मुलाच्या शनिवार-रविवारी शिकवण्या लावणाऱ्या मराठी आईबापांनीही हे तपासून पाहिले पाहिजे की तिथे तप कोणाचे आहे, कारण मूल अजून बाहेर खेळत असते आणि त्याच्या लेखी तो रविवार पुरेसा असतो.