आलेखाचे रंग आधीच कोणी ठरवले?

भारतीय हवामान खात्याच्या पर्जन्य-नकाशात पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असेपर्यंत जिल्हा हिरवा दिसतो. तूट २० टक्क्यांवर गेली की लाल आणि ६० टक्क्यांवर गेली की पिवळा. म्हणजे १८ टक्के तूट आणि १८ टक्के जादा पाऊस, दोन्ही हिरवेच. रंगसूची न वाचणाऱ्याला पिवळा जिल्हा लाल जिल्ह्यापेक्षा बरा वाटेल. प्रत्यक्षात तिथली तूट अधिक असते. पाऊस खरा, आकडे खरे. पण त्यांचा अर्थ रंगांनी आधीच ठरवलेला असतो.

नकाशाचे तेच आलेखांचे. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत आज असंख्य आलेख पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिब या साधनाने काढले जातात. तिथे 'आरसीपॅरॅम्स' नावाची एक सामायिक यादी असते: अक्षरांचा आकार, रेषेची जाडी, रंगांचा क्रम. सुरुवातीला ती एकदा बदलली की पुढचा प्रत्येक आलेख तिचे ऐकतो. काहीच बदलले नाही, तर ६.४ बाय ४.८ इंचांची चौकट आणि १० पॉइंटची अक्षरे मिळतात. सभागृहातल्या शेवटच्या रांगेला ती वाचता येत नाहीत.

डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून दिलेली निवड, बहुतेक जण बदलत नाहीत, म्हणूनच तो ठरवणाऱ्याची जबाबदारी मोठी. मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीत इंद्रधनुषी 'जेट' या रंगसंचाऐवजी 'विरिडिस' डिफॉल्ट केला. जेटमधल्या पिवळ्या पट्ट्यामुळे आकड्यांत नसलेली पायरी डोळ्यांना दिसे; विरिडिस क्रमाने उजळत जातो आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाही वाचता येतो.

सवयीलाही किंमत आहे, हे मान्य. रंग मध्येच बदलले तर मागच्या वर्षांशी तुलना अवघड होते. पण म्हणून जुनी निवड कायमची बरोबर ठरत नाही.

मराठीपुरता प्रश्न आणखी थेट आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'पुणे' लिहिले की चौकोन उमटतात. फॉन्ट बदलला तरी वर्षानुवर्षे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत आली. मग कंटाळून लोक इंग्रजी मथळे देतात आणि शेतकऱ्यासाठी काढलेला आलेख त्याच्या भाषेबाहेर जातो.

म्हणून प्रत्येक गटाने आरसीपॅरॅम्समधल्या आपल्या निवडींची शैली-फाइल स्वतः लिहावी, तीत वाचकाची लिपी आधी धरावी आणि प्रत्येक ओळीशेजारी टिपणात कारण नोंदवावे. कारण लिहिलेले असेल तर पुढच्या माणसाला ते तपासता येते आणि पटले नाही तर बदलताही येते.