वाद्याशी वैर

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. पणजीस एका लहानशा सभागृहात पोर्तुगीज गिटारवादनाची मैफल होती. एका स्नेह्याने आग्रहाने प्रवेशिका आणून दिली. निघण्यापूर्वी थोरल्या मामांना नमस्कार करावा म्हणून त्यांच्या खोलीत डोकावलो. मामा आता नव्वदीकडे झुकले आहेत. गोवा मुक्त होण्यापूर्वीच्या सत्याग्रहात, ऐन तारुण्यात, त्यांनी तुरुंगवास भोगला. त्या दिवसांची खूण त्यांच्या डाव्या पायात अजून आहे. कोठे निघालास, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "त्यांचे वाद्य ऐकावयास जातोस? जा बाबा. माझा पाय मात्र तिकडे वळावयाचा नाही."

त्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता; म्हणूनच ते शब्द मनात रुतून बसले. ज्यांच्या राजवटीने आपल्या माणसांना छळले, त्यांच्या देशाचे संगीत आपण मोकळ्या मनाने ऐकावे काय? साखळीपासून पणजीपर्यंतची वाट या एका प्रश्नाच्या सोबतीने सरली.

मैफलीस प्रारंभ झाला. ध्वनिवर्धक नव्हता. वादक आला, खुर्चीवर बसला आणि वाद्य छातीशी घेऊन त्यावर असा वाकला की, जणू लहान मुलाचे बोलणे ऐकतो आहे. आपल्या नित्य पाहण्यातील गिटारीहून हे वाद्य निराळे. त्याची कुडी गोलसर, खाली फुगीर आणि वर निमुळती. तारा धातूच्या, बारा. त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या. आपला सतारिया तर्जनीत नखी घालतो, तशी येथे अंगठा व तर्जनी या दोहोंवर कृत्रिम नखे असतात. अंगठा खर्जाच्या तारांवर धीम्या पावलांनी चाललेला, आणि त्याच वेळी तर्जनी वरच्या तारांवर सुरावट विणीत असलेली. डोळे मिटावेत तर दोन वादक समोर बसले आहेत असा भास व्हावा. उघडावेत तर एकच मनुष्य, एकच हात.

अशा वेळी गोमंतकीयास खाप्रूमामा पर्वतकरांची आठवण न होईल तरच नवल. १९५३ साली निवर्तलेल्या त्या लयसिद्ध पुरुषाविषयी जाणकार सांगत आले आहेत की, एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा आणि पायांनी आणखी निराळा ताल ते एकाच वेळी धरीत आणि नेमके समेवर येत. ही गारुड्याची करामत नव्हे. एकाच देहात अनेक लयी परस्परांस न दुखविता नांदू शकतात, याचा तो प्रत्यक्ष दाखला होता. त्या संध्याकाळी पणजीच्या सभागृहात मला त्याच जातीची साधना दिसली. काही जागी स्वर इतका क्षीण होई की, श्रोते श्वासही जपून घेत. टाळ्यांचा कडकडाट पुष्कळ मैफलींत ऐकला आहे. परंतु दोनशे माणसांना असे निःशब्द करण्याचे सामर्थ्य फार थोड्या हातांत पाहिले आहे.

आणि नेमक्या त्या निःशब्दतेत मामांचा पाय आठवला.

मामांची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये. राज्यकर्ता केवळ बंदूक घेऊन येत नाही. तो आपली भाषा, आपला डौल आणि आपले गाणेही घेऊन येतो, आणि या गाण्याच्या मोबदल्यात बंदूक विसरा, असे सुचवितो. सालाझारच्या राजवटीत फादो हे गायन आणि त्याच्या साथीची ही गिटार राष्ट्राचे भूषण म्हणून मिरविली जात होती. ज्याने ते दिवस तुरुंगात काढले, त्याला त्या तारांत भूषण ऐकू न येता बेड्यांचा खळखळाट ऐकू आला, तर त्याच्या कानांस दोष कसा द्यावा? शिवाय आमच्या साखळीकडील मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला तो नव्या काबिजादीबरोबर, १८व्या शतकाच्या अखेरीस. बारदेश-साष्टीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी घरोघर पोहोचली, तशी ती येथे पोहोचली नाही. आमचे कान पखवाज, घुमट आणि नाट्यपदे यांवर पोसले. तेव्हा हे वाद्य आम्हांस दुहेरी परके.

परंतु त्या रात्री वाजलेल्या रचनांपैकी काही ज्याच्या होत्या, त्या मनुष्याचे चरित्र ज्ञात झाल्यावर या परकेपणाचा विचार पुन्हा मुळापासून करावा लागतो. त्याचे नाव कार्लुश पारेदिश. जन्म १९२५, कोईंब्रा या विद्यापीठनगरीतील. वडील अर्तुर पारेदिश हे त्या वाद्याचे थोर वादक, आजोबाही वादकच. आपण ज्यास घराणे म्हणतो, तेच हे. एवढी विद्या हाती असता हा मनुष्य लिस्बनच्या एका रुग्णालयात क्ष-किरणांच्या छायाचित्रांची दप्तरे सांभाळणारा कारकून होता. संगीतावर आपले प्रेम इतके आहे की त्यावर पोट भरणे नको, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

१९५८ साली या कारकुनास सालाझारच्या राजकीय पोलिसांनी, 'पीदे' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या दलाने, पकडले. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, हा आरोप. सुमारे दीड वर्ष तो तुरुंगात होता, नोकरीही गेली. कोठडीत वाद्य नव्हते. तो कोठडीत येरझारा घाली आणि त्याची बोटे हवेत चालत राहत. याला वेड लागले, असे सोबतच्या कैद्यांस वाटले. वेड लागले नव्हते; तो मनातल्या मनात रचना करीत होता. अंगठा अदृश्य खर्जावर, तर्जनी अदृश्य सुरावटीवर.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. १९५८ हे वर्ष आपल्याही स्मरणातील आहे. त्याच वर्षी टी. बी. कुन्हा यांचे मुंबईस निधन झाले. त्यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते. ज्या सत्तेने गोमंतकाच्या सुपुत्रांस समुद्रापार नेऊन कोंडले, त्याच सत्तेने आपल्याच भूमीत, आपल्याच वाद्याच्या सर्वश्रेष्ठ साधकासही कोंडले. ज्या पोलिसांचे बूट आमच्या गावांत वाजले, तेच बूट त्याच्या दारात वाजले. मग ते वाद्य कोणाचे? सालाझारचे की पारेदिशचे?

या ठिकाणी विचार थांबविला तर तो सोपा होईल, आणि सोपा विचार बहुधा अपुरा असतो. कोणी म्हणेल, वादक तुरुंगात गेला म्हणून वाद्य शुद्ध झाले काय? तो तुरुंगात न जाता, राज्यकर्त्यांच्या मेजवान्यांत वाजवीत बसला असता, तर तेच स्वर अशुद्ध ठरले असते काय? आक्षेप रास्त आहे. कलावंताचे चारित्र्य आणि कलेची सिद्धी या दोन गोष्टी सदैव एकत्र नांदत नाहीत, हे आपण जाणतो. माझ्या मते पारेदिशच्या तुरुंगवासाने वाद्यात काही बदल झाला नाही. बदल झाला तो आपल्या ऐकण्यात. आपण 'पोर्तुगीज' या एका शब्दात सत्ताधीश आणि प्रजा, तुरुंगाधिकारी आणि कैदी, या सर्वांना एकत्र बांधून टाकले होते. त्या कैद्याच्या हवेत चालणाऱ्या बोटांनी ती गाठ सोडविली. वैर अन्यायाशी असावे. वैर लोकांशी, भाषेशी वा लाकूड-तारांशी जडले की ते अन्यायाला विसरू लागते, कारण त्याला आता सोपे लक्ष्य सापडलेले असते.

शिवाय वाद्याचे गोत्र शोधू जाता कोण कोठला, हे ठरविणे कठीण. पोर्तुगालचे राष्ट्रीय वाद्य म्हणविणारी ही गिटार मूळ इंग्लंडहून, १८व्या शतकाच्या उत्तरार्धात, पोर्तो बंदरी आलेल्या वाद्यापासून घडली. आपल्या कीर्तनात आणि भजनात ज्याच्यावाचून चालत नाही, त्या हार्मोनियमचे जन्मस्थान फ्रान्स. हे वाद्य भारतीय संगीतास मानवत नाही म्हणून १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर त्यास बंदी होती. भजनी मंडळींनी ती बंदी मनावर घेतली नाही. उलट आपले घुमट पाहा. चतुर्थीच्या आरतीस ते जसे वाजते, तसेच ख्रिस्ती घरांत मांडोच्या साथीलाही वाजते. मातीच्या त्या मडक्याने कोणास धर्म विचारला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती आपणांस रुचणारी नसली. परक्यांच्या कलेशी कसे वागावे, हे ठरविताना आपण आपल्या कलावंतांशी कसे वागलो, हेही पाहिले पाहिजे. वर खाप्रूमामांचे नाव अभिमानाने घेतले. ते आणि केसरबाई केरकर हे दोघेही देवळांच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातून आले. केसरबाईंचा भैरवीतील स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेला. पृथ्वीच्या वतीने बोलण्यास योग्य म्हणून जगाने तो निवडला. परंतु त्या समाजातील किती स्त्री-पुरुषांचे गाणे-वाजवणे आपल्या पूर्वजांनी सभामंडपात बसून माना डोलवीत ऐकले, आणि पंगतीत मात्र त्यांना आपल्याशेजारी पाट दिला नाही? कला घ्यावी आणि कलावंतास उंबऱ्याबाहेर ठेवावे, हा अन्याय कोणा परक्या राजाने आपल्यावर लादलेला नव्हता. मामांच्या पायातील दुखणे जसे खरे, तसे त्या घरांतील दुखणेही खरे. ज्याला स्वतःवर झालेला अन्याय आठवतो, त्याने आपल्या हातून झालेला अन्यायही आठवावा; तरच त्या आठवणीस न्यायबुद्धी म्हणता येईल, एरवी तो केवळ आकस.

मग करावे काय? विसरावे काय? मुळीच नाही. क्षमा आणि विस्मृती या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. स्मरण ठेवूनही ऐकता येते. किंबहुना स्मरण ठेवून ऐकणे हेच खरे ऐकणे. त्या मैफलीत मी मामांचा पाय विसरलो असतो, तर माझ्या ऐकण्यास सुखाखेरीज काही मोल उरले नसते. पण येथे एक मर्यादाही पाळली पाहिजे. ज्याने सोसले, त्याने काय ऐकावे हे न सोसलेल्याने सांगू नये. उदारपणा स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो. दुसऱ्याच्या जखमेवर तो करता येत नाही. न ऐकण्याचा मामांचा अधिकार पूर्ण आहे. आणि पुढच्या पिढीतील एखाद्या मुलास ते वाद्य शिकावेसे वाटले, तर त्यास देशद्रोही न म्हणणे हे आपले कर्तव्यही तितकेच पूर्ण आहे. आज सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गोमंतकीय गायिका फादो गातात. त्यांच्या कंठात सालाझार नाही. असलीच तर साधना आहे.

मैफलीहून परतलो तेव्हा मामा जागेच होते. कसे झाले, म्हणून विचारले. मी वादनाचे वर्णन केले. मग पारेदिशची, त्याच्या कोठडीची आणि हवेत चालणाऱ्या बोटांची हकिकत सांगितली. पुढे १९७४ सालच्या एप्रिलमध्ये ती राजवट पोर्तुगालमध्येच कोसळली आणि त्याला रुग्णालयातील आपली जागा परत मिळाली, हेही सांगितले. १९९३ पासून मज्जारज्जूच्या विकाराने त्याचे हात थांबले आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत त्याला पुन्हा वाजविता आले नाही, हेही सांगितले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हीसुद्धा तुरुंगात आरती म्हणत होतो. घुमट कोठले? जेवणाची थाळी उपडी घालीत होतो. थाळी काढून घेतली तेव्हा मांडीवर ठेका धरला."

आणि सुरकुतलेला उजवा हात त्यांनी पांघरुणावर ठेवून दोन-चार वेळा हलकेच थापटला.

पुढील खेपेस याल काय, असे विचारावयाचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही. तेच म्हणाले, "पुन्हा असली मैफल असली तर तू जा. आलास म्हणजे मला सांग."

तेवढे पुरे आहे, असे मला वाटते.