खांद्यावरचा डाग

गेल्या पोळ्याला मी माझ्या मुलीचा मातीचा बैल बिघडवला. त्या रात्री मात्र बायकोला सांगितलं होतं, ‘नीट करून ठेवलाय.’ ते वाक्य वर्षभर मनातून गेलेलं नाही.

आमच्या वाशीमच्या घरी आता बैल नाहीत. वडिलांनी शेवटची जोडी विकली, तेव्हापासून श्रावण अमावास्येसाठी बाजारातून कच्च्या मातीचे बैल आणायचे, रंगवायचे, पाटावर मांडून पुजायचे, असं चाललं आहे. रंगवण्याचं काम माझ्याकडे. झुलीची नक्षी, शिंगांचा हिंगूळ, डोळ्यांची रेघ... लोक नावाजतात आणि मला ते आवडतं. किती आवडतं, हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

बैल देताना कुंभारीण म्हणाली होती, “वरतून वाळला दिसते भाऊ, पन पोटात ओल हाये. दोन रोज थांबा.” मी मान डोलावली आणि त्याच रात्री ब्रश हातात घेतला. घाई कसली होती? पूजेला अजून दोन दिवस होते. घाई फोटोची होती. ओळखीतल्या कुणाचे बैल दिसायच्या आत माझे दिसायला हवे होते.

सकाळी माझ्या बैलाच्या पोटाला तडा गेलेला आणि पाठीवर रंगाचे पापुद्रे सुटलेले. कारण मला माहीत नव्हतं असं नाही. पावसाळी हवेत माती वरून आधी सुकते. आतली ओल मागाहून बाहेर पडते आणि जाताना रंगाला उचलते. तड्यात मी भिंतीची पुट्टी भरली. दुपारपर्यंत तीही सुटली, कारण मातीचं आकसणं वेगळं, पुट्टीचं वेगळं. तड्यात त्याच मातीचा पातळ चिखल भरायचा असतो आणि पुन्हा थांबायचं असतं. मग झुलीच्या ओल्या लाल रंगावर पांढरे ठिपके दिले, ते गुलाबी झाले. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, खालचा हात वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही, हे मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो. गुलाबीपणा झाकायला आणखी जाड हात दिला आणि वशिंडाखालची सुरेख घडी बुजून गेली. प्रत्येक चुकीवर मी रंगच चढवत होतो. चूक दुरुस्त करत होतो, की ती कुणाला दिसू नये एवढंच बघत होतो?

इथवर नुकसान माझ्याच बैलाचं होतं. मुलीचा बैल शेजारी वाळत होता. एक डोळा मोठा, एक लहान. शिंगं वेडीवाकडी. आणि मानेमागे, खांद्यावर, एक काळपट डाग. मला वाटलं, ब्रश धुतल्याचं पाणी सांडलं असावं. ती झोपली होती. मी डोळे सारखे केले, शिंगांची रेघ ओढली आणि त्या डागावर पांढऱ्याचे दोन जाड हात दिले. तिला उठवून विचारावं, असं मनात आलंच नाही. की आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? आज खात्रीनं सांगता येत नाही.

सकाळी तिनं बैल हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, “बाबा, याचा खांदा कुठे गेला?”

आजीनं तिला आमच्या शेवटच्या जोडीतल्या डाव्या बैलाची गोष्ट सांगितली होती. जू ओढून त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता. तिथले केस गेले होते, कातडी काळी आणि जाड झाली होती. तो घट्टा तिनं रंगवला होता. मी त्या बैलाला रोज पाहिलं होतं, तिनं एकदाही नाही. तरी तो तिला आठवला आणि मी त्यावर पांढरा रंग फासला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर राबलेल्या त्याच खांद्याला हळद-तूप चोळायचं असतं. सण ज्या खांद्याचा, तोच मला डाग वाटला.

मी ओल्या कापसानं वरचा रंग पुसायला गेलो. वरच्याबरोबर खालचाही आला, मग माती आली. खांदा परत आला नाही.

त्या दिवसांत मला अजिंठा वारंवार आठवत राहिला. आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. तिथली चित्रंही मातीवरच आहेत. खडकावर तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. ते दीड हजार वर्षं टिकले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून जाणकार बोलावले. सुटणारे थर त्यांनी बसवले, पण वरून दिलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळं पडून काळवंडलं आणि त्यानं चित्रंच झाकली. त्यांचा हेतू चांगला होता. माझा होता का? मला तिचा बैल वाचवायचा नव्हता. माझ्या बैलांच्या रांगेत तो वेगळा दिसू नये, एवढंच हवं होतं.

एक गोष्ट हळूहळू उमगते आहे, पुरती उमगली असं म्हणवत नाही. मातीच्या बैलाच्या बहुतेक चुका सुधारता येतात. ओल असेल तर थांबावं, तडा असेल तर तीच माती भरावी, रंग जाड झाला तर वाळल्यावर पॉलिश पेपरनं हलकेच घासावा, पुढचे हात पातळ द्यावेत. पण त्याआधी एक प्रश्न असतो, आणि तो हातातलं काम दुसऱ्याचं असेल तर टाळताच येत नाही : ही चूकच आहे ना? मुलीच्या वहीतलं अक्षर, आईचा बोलण्यातला वऱ्हाडी हेल, बायकोनं लावलेलं कपाट... मी कुठेकुठे न विचारता पांढरा हात फिरवला असेल? आणि त्याखाली काय होतं, हे आता मला कोण सांगणार?

यंदाचे बैल आणून चार दिवस झाले. ते सावलीत वाळताहेत. मुलीनं काल तिच्या बैलाचा खांदा आधी रंगवला. त्या बैलाला मी अजून हात लावलेला नाही.