न कळलेले सामान

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढले की माळ्यावरून एखादी अशी वस्तू हटकून निघते, जिचे काय करावे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. पितळेची एक वाकडी दांडी, कशाचे तरी झाकण, डबीतले पाचसहा स्क्रू. गृहिणी म्हणते, "टाकून द्या." गृहस्थ म्हणतात, "असू दे, कशाला तरी लागेल." वस्तू ठेवली तर ती जन्मात लागत नाही, आणि टाकली तर आठ दिवसांत शिवणयंत्र अडून बसते. हा तंटा फार जुना आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याला घरच्या संगणकाचे एक नवे मैदान मिळाले, एवढेच.

संगणक म्हणजे ज्याचा माळा राहत्या खोल्यांहून मोठा आहे असे घर. आपली म्हणावी अशी चीजवस्तू त्यात थोडी: लग्नातले फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या. बाकीचे अवाढव्य सामान आपण आणलेले नसते, आपण लावलेले नसते, आणि त्यावरच्या चिठ्ठ्याही आपल्या भाषेत नसतात. विंडोजमध्ये 'विन-एस-एक्स-एस' नावाचे एक फोल्डर असते. त्याचा आकार पाहून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. वास्तविक तो आकडा पुष्कळसा फसवा असतो. एकच फाइल दोन नावांनी दोन ठिकाणी नोंदलेली असते आणि मोजणारा ती दोनदा मोजतो. पण हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते, जागा अडवणारा चोर सापडला! तो त्यातल्या फाइली पुसू लागतो, आणि संगणक पुन्हा सुरू होण्याचे नाकारण्याची पाळी येते.

काही दालनांना तर मालकालाच मज्जाव असतो. सन 2007 मध्ये घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून कित्येक फाइलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या एका अदृश्य कारभाऱ्याकडे गेली. पैसे आपण मोजले, वीजबिल आपण भरतो, आणि ती फाइल हलवू लागलो की पडद्यावर उत्तर येते, या कारभाऱ्याची परवानगी आणा. आमच्या एका निवृत्त स्नेह्यांना याचा मनस्वी राग येई. "माझ्या घरात मलाच परका ठरवणारा हा कोण?" असे ते म्हणत. राग समजण्यासारखा आहे. परंतु आपल्या देहातही आपली मालकी अशीच चालते. हृदय आपलेच, पण त्याचे ठोके थांबवण्याची मुभा आपल्याला नाही, आणि ती नाही म्हणूनच आपण रात्री निर्धास्त झोपतो.

या स्नेह्यांचा संगणक मध्येच बंद पडू लागला. कधी पत्र लिहिता लिहिता, कधी नुसता उघडा असताना. पडदा निळा होई आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी एक अनोळखी फोल्डर पुसले. दोन दिवस संगणक ठीक चालला. त्यांची खात्री पटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. मग दुसरे फोल्डर. मग सफाईची एक विकतची योजना. मग दुकानातल्या तंत्रज्ञाने पैसे घेऊन सगळी विंडोज नव्याने चढवून दिली, आणि संगणक तब्बल चार दिवस चालला. प्रत्येक उपायाने गुण येत होता, रोग मात्र जागचा हलत नव्हता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते तेव्हा दोष कावळ्याचाच, ही आपल्या बुद्धीची सवय मोठी चिवट आहे.

दोष शेवटी कोठे सापडला? रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एका पट्टीत. एक पट्टी काढून आठवडाभर चालवायचा, मग ती लावून दुसरी काढायची, आणि रोज वहीत एक ओळ लिहायची, इतकी साधी ती रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढाच तिचा नियम. पण हा नियम पाळणे उपासापेक्षा अवघड आहे. संकटात माणसाला कारणाची भूक नसते, काहीतरी केल्याच्या समाधानाची असते. पुसून टाकण्यात ते समाधान तत्काळ मिळते. वहीत ओळ लिहिण्यात मिळत नाही.

आणि दर वेळी कारण हाती लागेलच असेही नाही. सन 2003 मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक येथे मतदान यंत्राने झाले, तेव्हा एका उमेदवाराच्या नावावर नेमकी 4096 मते जास्त पडली. शक्य होती त्याहून ती अधिक भरली म्हणून चूक लक्षात आली. यंत्र तपासले, आज्ञावली तपासली, दोष मिळेना. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. तेव्हा स्मृतीतला एकच अंक शून्याचा एक झाला असावा, कदाचित अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाच्या धक्क्याने, इथवर तर्क जाऊन थांबला. सिद्ध काहीच झाले नाही. मला त्या तपासणाऱ्यांचे कौतुक वाटते ते यासाठी, की गुन्हेगार हवा म्हणून त्यांनी कोणाला पकडले नाही.

आता थोडे नीतीकडे वळू. सन 2002 मध्ये जगभर एक पत्र फिरत होते. तुमच्या संगणकात अस्वलाच्या पिल्लाचे चित्र असलेली एक फाइल शोधा. तो विषाणू आहे, चौदा दिवस निजून राहतो, कोणत्याही औषधाने सापडत नाही. सापडली तर पुसा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा. लोकांनी शोधली. अर्थातच सापडली, कारण ती विंडोजबरोबरच आलेली सरळमार्गी फाइल होती. आदल्या वर्षी लांब नावे सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका निरुपद्रवी फाइलीवर असेच बालंट आले होते. गंमत पाहा: इथे विषाणू नव्हताच. त्याचे काम माणसांनी केले, आणि तेही परोपकारबुद्धीने. अस्वलाची फाइल गेल्याने बहुतेकांचे काही बिघडले नाही, हा केवळ योगायोग.

या माणसांना दोष द्यावा काय? त्यांचा हेतू चांगला होता, असे आपण चटकन म्हणतो. इंग्लंडमधला गणिती क्लिफर्ड याने 1877 साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात तो एका जहाजमालकाची गोष्ट सांगतो. जहाज जुने झालेले, मालकाच्या मनात शंका, पण तो स्वतःची समजूत घालतो की ते सुखरूप जाईल, आणि अगदी मनापासून तसे मानू लागतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरीही दोषीच होता, कारण समोर असलेल्या पुराव्यावर तसे मानण्याचा त्याला अधिकार नव्हता. क्लिफर्ड जरा कठोर आहे खरा. दुपारी चार वाजता पत्र आलेल्या एखाद्या आत्याबाईंनी पुरावा कोठून आणायचा? तथापि पुसणे आणि पुढे पाठवणे यांत मला फरक दिसतो. स्वतःची फाइल पुसणे हा भाबडेपणा झाला. चाळीस जणांना पुसायला सांगणे ही जबाबदारी झाली, आणि जिव्हाळ्याने ती कमी होत नाही, उलट वाढते, कारण आपल्या नावाकडे पाहूनच ते चाळीस जण पुसणार असतात. अशाच विश्वासावर फोनवरचे भामटे जगतात. ते गृहस्थाला संगणकाची रोजनिशी, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडायला लावतात. त्यात लाल खुणा धडधाकट संगणकातही असतातच. "पाहिलंत?" तो म्हणतो, आणि गृहस्थाने खरोखरच पाहिलेले असते!

हे सारे एकदा घरात बोलत असता कॉलेजात जाणारा भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, असंच ना? मग विधवांचं केशवपन तरी कशाला बंद केलं? तेही कुणीतरी काहीतरी समजूनच सुरू केलं असणार."

प्रश्न वर्मी लागणारा होता. वाटेतले कुंपण का घातले हे कळेपर्यंत ते काढू नये, असे चेस्टरटन 1929 च्या आपल्या एका पुस्तकात सांगून गेला. सनातनी मंडळींना हे वाक्य फार आवडते. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे कुंपण कोणाच्या अंगावर पडलेले नाही. फोल्डर गप्प असते. त्याच्या असण्याने कोणी रडत नाही. केशवपनाखाली जिवंत बाई होती. तिचे दुःख हा अज्ञानाचा भाग नव्हता, उघड पुरावा होता. आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला आणि उलट कारण मागितले. कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा रूढीचे मूळ शोधून संपण्याची वाट पाहिली नाही. जिथे कोणी चिरडले जात आहे तिथे कारण सांगण्याचे ओझे ठेवणाऱ्यावर. जिथे तसे कोणी नाही तिथे ते पुसणाऱ्यावर.

भाच्याचे एवढ्याने समाधान झाले नाही. "आणि चिरडला जाणारा दिसतच नसेल तर?" त्याने विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही पुरते नाही.

एप्रिल 2025 मध्ये विंडोजच्या एका सुधारणेबरोबर कित्येकांच्या सी ड्राइव्हवर 'इनेटपब' नावाचे एक फोल्डर अवतरले. आत काहीही नाही, निव्वळ रिकामे. लोकांनी ते कचरा समजून पुसले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितले, पुसू नका. सुरक्षेतले एक छिद्र बुजवण्यासाठीच ते ठेवले आहे. रिकामी जागा आपण आधीच अडवून ठेवली, की ती दुसऱ्या कोणाला बळकावता येत नाही. थोड्याच दिवसांत एका सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले की याच फोल्डरच्या नावाचा गैरवापर करून पुढच्या सुधारणा अडवताही येतात. म्हणजे पहारेकऱ्यावरही पहारा हवा.

आमच्या स्नेह्यांच्या संगणकात ते फोल्डर आहे. ते त्यांनी पुसलेले नाही. मधून मधून मात्र उघडून पाहतात, काही आले का म्हणून.