सहावी प्रतिज्ञा आणि सुभेदारांचे ऋण

कुरखेड्यासारख्या गावात एखादे मास्तर गेले, तर ते कोणत्या घरचे यावर पुढचे सारे ठरते. घर हिंदू असेल तर तेरवी होते आणि पुढे दर पितृपक्षात त्यांच्या नावाने पान वाढले जाते. घर बौद्ध असेल तर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. घर गोंड असेल तर गेलेला माणूस आपल्या कुळाच्या पेनात, म्हणजे कुळदैवतात, जाऊन मिळतो, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात भामरागडकडे माडिया लोक मृताच्या नावाने दगड उभा करतात. या रीती एकमेकींपासून कितीही दूर असल्या तरी एका बाबतीत सारख्या आहेत. विधी असतो तो घरच्यांचा, भावकीचा, कुळाचा. पण मास्तरांच्या वर्गात धानाच्या बांध्यांवरून आणि मोहाच्या झाडांखालून सगळ्याच घरांतली मुले आलेली असतात. त्यांच्या वाट्याला शोकसभेतली दोन मिनिटांची शांतता येते आणि मग ती आपापल्या घरी जातात. जो माणूस काही जणांचा बाप होता आणि कितीतरी जणांचा गुरू होता, त्याचे देणे कोणी फेडायचे, आणि कशाने? आणि ज्याने श्राद्धच नाकारले आहे, त्याच्याकडे फेडण्याचे साधन कोणते उरते? हा प्रश्न मला नुसता रीतिरिवाजाचा वाटत नाही. मेलेल्या माणसाचे आपल्यावर काही चालते का, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

आपल्या परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. या मांडणीत एक मोठी गोष्ट आहे. शिकण्याला तिने ऋण म्हटले आहे, म्हणजे विद्या ही कोणाचीच स्वतःची कमाई नाही. परंतु गुरूचे खाते वेगळे आणि बापाचे वेगळे, अशी तिची वाटणी आहे, आणि ती बोलते फक्त ब्राह्मणाविषयी. ज्यांना अक्षर शिकायचीच बंदी होती, त्यांना ऋषींचे देणेकरी व्हायचीसुद्धा मुभा नव्हती. अशा घरात जेव्हा बापच शिक्षक होतो, तेव्हा दोन्ही खाती एका माणसाच्या नावावर येतात. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आपण त्यांना बाबासाहेबांचे वडील म्हणून ओळखतो. ते पेशाने शिक्षक होते, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

लष्करी छावणीतल्या मुलांना शिक्षण मिळावे अशी तेव्हाच्या सैन्यात व्यवस्था होती, आणि लष्करी शाळेत रामजी चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. घरात चौदा अपत्ये जन्मली, त्यांतले चौदावे 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेले भीमराव. सातारच्या मुक्कामात पत्नी भीमाबाई गेल्या आणि मुलांना रामजींच्या बहिणीने, मीराबाईंनी, सांभाळले. पुढे मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे घर राहू लागले. त्या गर्दीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी वेळेतून जागा काढली. मुलाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी स्वतः अंग टाकायचे. मला या माणसाचे सगळे चरित्र त्या एका अदलाबदलीत दिसते. तिथे बाप कुठे संपतो आणि मास्तर कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

पण माझा मुद्दा त्यांच्या कष्टांवर उभा नाही. कष्ट पुष्कळ बाप करतात. मुद्दा आहे तो एका संभाषणाचा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली होती, जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तीत ते सांगतात की शाळेतल्या यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी त्यांचा सत्कार करायचे ठरवले, तेव्हा मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांनी साफ नकार दिला होता. शेवटी दादा केळूसकरांनी त्यांचे मन वळवले, आणि त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवले. केळूसकरही शिक्षकच. पुस्तक वाचून मुलाने वडिलांना विचारले, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? कबीरपंथी रामजींनी उत्तर दिले ते आजही विचार करण्यासारखे आहे. आपण अस्पृश्य आहोत, तुझ्या मनात न्यूनगंड येईल; द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती उंच चढले ते पाहा, वाल्मीकी तर कोळी होते. मुलाला या म्हणण्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. मला यांतली कोणतीच माणसे आवडत नाहीत, असे त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण आणि राम यांची नावे घेऊन सांगितले. वडील गप्प राहिले. आपल्या मुलात बंड उभे राहिले आहे, हे त्यांना उमगले होते, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, की ते गप्प राहणे म्हणजे निरुत्तर होणे. त्याला शिकवणे म्हणून गौरवू नका. असेलही, रामजी निरुत्तर झाले असतील. तरीही ज्या काळात बापासमोर मान वर करणे हाच अपराध होता, त्या काळात रोज ज्या देवादिकांची पोथी वाचायची त्यांना मुलगा नाकारतो आहे, आणि लष्करी शिस्तीचा धर्मनिष्ठ बाप हात उगारत नाही, पोथी पुढे करून गप्प बसवत नाही. त्या मौनात प्रश्नाला घरात राहायला जागा मिळाली. मुलाने त्या घटकेला बापाचा धर्म घेतला नाही. बापाने घडवलेली विचारण्याची ताकद घेतली. म्हणून मला वाटते की शिक्षकाचे ऋण त्याच्या मतांची री ओढून फिटत नाही. ज्या विद्यार्थ्याचे आणि गुरूचे शेवटपर्यंत कशातच दुमत होत नाही, त्याच्याकडे गुरूने दिलेले मुद्दल तसेच पडून राहिलेले असते.

आता सहाव्या प्रतिज्ञेकडे येऊ. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी ही एक, श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडण्याची. कुरखेडा त्या वेळी चांदा जिल्ह्यातच होते. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. या भागातल्या हजारो घरांनी त्या प्रतिज्ञेने पितरांचे पान बंद केले, आणि तेव्हापासून शेजाऱ्यांनी त्यांना ऐकवले की तुम्ही आईबापांना विसरलात. हा आरोप अन्यायाचा आहे. पिंडदानामागे असा विश्वास आहे की मृताला आपल्याकडून काही पोचते. प्रतिज्ञा या पोचण्याला नाकारते. देणे लागतो, हे ती कुठेही नाकारत नाही. उलट, मेलेल्याला काहीच पोचवता येत नसेल तर फेडीचा एकच मार्ग उरतो, तो पुढच्या माणसाकडे जातो. भाताच्या गोळ्यावर देणे भागवण्याची सोयसुद्धा मग राहत नाही. बाबासाहेबांनी 1923 सालचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि त्यात आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा उल्लेख केला. तो ग्रंथ वडिलांच्या हाती पडणार नव्हता. तो वाचणार होते ते दुसरेच कोणी.

याविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धाळू माणसाचा नाही, दुःखी माणसाचा आहे. तो म्हणेल, तुमचे तत्त्व खरे असेल, पण माणूस गेल्यावर हातांना काहीतरी करायला हवे असते. पाणी, फूल, दगड, काहीतरी. हे मी मान्य करतो, आणि पुरावा रामजींच्याच शेवटच्या दिवसांचा आहे. 1913 च्या सुरुवातीला भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की परतताना ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. पोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांनी मुलाला पाहिले आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तारीख 2 फेब्रुवारी. मृत्यूच्या दारात असलेल्या माणसाला मिठाईचा काय उपयोग, हे त्या तरुणाच्या बुद्धीला कळत नव्हते असे नाही. पण रिकाम्या हाताने जाववले नाही. म्हणून जलदानातले पाणी, माडियांचा दगड किंवा तेरवीचे पान यांपैकी कशालाही मी हसणार नाही. मी एवढेच म्हणतो की ते सारे आपल्या हातांसाठी आहे. देण्याचा हिशेब त्याने मिटत नाही, आणि कुळाबाहेरच्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे फेडीच्या बाहेर राहावे लागत नाही. उलट तो घरच्यांच्या बरोबरीने उभा राहतो, कारण पुढच्याला शिकवायला गोत्र लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शोकसभांतून हमखास गळते. रामजींनी मुलाला हवी ती पुस्तके कशी आणून दिली? पैसे नसले की ते लग्न होऊन सासरी गेलेल्या आपल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. बापाची माया आणि शिक्षकाची तळमळ या दोहोंची किंमत त्या घरातल्या लेकींनीही मोजली होती, आणि त्यांच्यासाठी कोणी रात्री दोनपर्यंत जागले नव्हते. रामजींनी दुसरे लग्न केले तेही धाकट्या मुलाला रुचले नव्हते. हे सांगितल्याने सुभेदारांचे मोठेपण उणे होत नाही. ते ऋण नेमके कोणाकोणाचे होते, एवढेच कळते. कुरखेड्यातल्या एखाद्या मास्तरांच्या फोटोला हार घालताना त्यांच्या पगारातून कोणाच्या मुलांच्या वह्या आल्या हे आपण आवर्जून सांगतो. त्या महिन्यात घरात मास्तरीणबाईंनी काय कमी केले, हेही त्याच सभेत कोणीतरी उठून सांगायला हवे. आणि त्या पुढच्या रांगेतच बसलेल्या असतात.